किर जनुके
किर जनुके : रक्तातील नैसर्गिक मारक पेशींवरील ग्राही प्रथिने घडवणारा, १९व्या गुणसूत्रावरील जनुकसमूह. यातील काही ग्राही पेशीला आवर घालतात, काही तिला चेतवतात. इतर पेशींवरील एचएलए रेणू ते ओळखतात; विषाणूबाधित वा कर्करोगी पेशीवर हे रेणू घटले, की आवर सुटतो आणि मारक पेशी तिचा नाश करते.

या जनुकांची संख्या व रूपे व्यक्तिगणिक बदलतात. एचएलए जनुके ६व्या गुणसूत्रावर असल्याने दोन्हींचा वारसा स्वतंत्रपणे येतो आणि परिणाम त्यांच्या जोडीवर ठरतो. २००४ मधील संशोधनांत एका जोडीमुळे हिपॅटायटिस सी विषाणू शरीरातून नाहीसा होण्याची शक्यता वाढलेली आढळली. माता व गर्भ यांच्यातील दुसऱ्या जोडीत, गरोदरपणात रक्तदाब वाढवणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका अधिक दिसला. एचआयव्ही संसर्ग बळावण्याचा वेगही अशा जोड्यांशी निगडित आहे. मात्र त्या धोका कमी-अधिक करतात, रोग निश्चित करत नाहीत.

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेत किर व एचएलए जनुकांचा अभ्यास झाला आहे. जातीअंतर्गत विवाहांमुळे जनुकरूपांचे प्रमाण समाजागणिक भिन्न असते. म्हणून मराठवाड्यातील धारूरसारख्या गावांतील समाजांचे नमुनेही अशा अभ्यासात असणे उपयुक्त ठरते.