प्वँकारेचा अपुरा सिद्धान्त

गणितज्ञ आपले लेखन सहसा पूर्ण झाल्यावाचून प्रसिद्ध करीत नाही. प्रमेय मांडावयाचे, त्याची सिद्धता द्यावयाची आणि मगच ते विद्वानांपुढे ठेवावयाचे, हा त्या शास्त्राचा शिरस्ता आहे. या शिरस्त्याला एक ठळक अपवाद इ. स. १९१२ मध्ये घडला. इटलीतील पालेर्मो येथील गणितमंडळाच्या नियतकालिकात आंरी प्वँकारे या फ्रेंच गणितज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. निबंधाच्या आरंभीच लेखकाने कबूल केले होते की, इतके अपुरे लेखन आपण आजवर कधीच लोकांपुढे ठेवले नव्हते. प्रमेय खरे आहे अशी त्याची खात्री होती. अनेक विशिष्ट उदाहरणांत त्याने ते पडताळूनही पाहिले होते. पण सर्वसामान्य सिद्धता कित्येक महिने खटपट करूनही हाती लागली नव्हती. काही वर्षे प्रश्न बाजूला ठेवून तो परिपक्व होऊ द्यावा, हा मार्ग शहाणपणाचा खरा. परंतु आपल्या वयात तो पुन्हा हाती घेता येईलच, अशी हमी त्याला देता येत नव्हती. त्या वेळी तो ५७ वर्षांचा होता. त्याच वर्षी, १७ जुलै रोजी, पॅरिस येथे त्याचे निधन झाले.

हे प्रमेय कोणत्या विचारपरंपरेतून आले आणि पुढे त्याचे काय झाले, हे सांगण्याचे आम्ही येथे योजिले आहे. शास्त्राच्या इतिहासात अपुरेपणाच्या प्रांजळ कबुलीला काय मोल असते, हेही त्या ओघात दिसून येईल.

गतीचा विचार करण्याच्या दोन रीती आहेत. पहिली न्यूटनची. या क्षणी वस्तू कोठे आहे, तिचा वेग किती आहे आणि तिच्यावर कोणते बल आहे हे कळले की, पुढच्या क्षणी ती कोठे असेल ते काढता येते. असे पाऊल पाऊल टाकीत सर्व मार्ग सिद्ध होतो. दुसरी रीती सर्व मार्ग एकदमच विचारात घेते. दोन ठिकाणांमधील शक्य त्या सर्व वाटा कल्पनेने मांडावयाच्या, प्रत्येक वाटेला 'क्रिया' नावाची एक राशी लावावयाची, आणि निसर्गाने निवडलेली वाट या क्रियेवरून ओळखावयाची. इ. स. १७४४ मध्ये मोपेर्त्यूई आणि ऑयलर यांनी हा विचार स्वतंत्रपणे मांडला. निसर्ग क्रिया कमीत कमी खर्चितो, यात मोपेर्त्यूईला विधात्याच्या काटकसरीचा पुरावा दिसला. त्यावरून बर्लिनच्या अकादमीत पुढे कडाक्याचा वाद माजला आणि व्हॉल्तेअरने मोपेर्त्यूईची यथेच्छ टवाळी केली. त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही.

कारण असे की, 'कमीत कमी' हा शब्दच पुरता बरोबर नव्हता. हॅमिल्टनने १८३४ व १८३५ सालच्या आपल्या दोन निबंधांत गतिशास्त्राची जी पुनर्रचना केली, तीत क्रिया न्यूनतम असण्याची आवश्यकता नाही. ती 'स्थिर' असली म्हणजे पुरे. वाट किंचित बदलली असता क्रियेत प्रथम दर्जाचा फरक पडत नाही, एवढाच या स्थिरतेचा अर्थ. डोंगरातील खिंड डोळ्यांपुढे आणावी. घाटाच्या वाटेने चढून पलीकडे उतरणाऱ्याला खिंड हे सर्वांत उंच ठिकाण. डोंगराच्या धारेने चालणाऱ्याला तेच सर्वांत सखल. ती शिखर नव्हे आणि तळही नव्हे. तथापि त्या जागी जमीन क्षणभर सपाट असते. निसर्गाच्या कित्येक वाटा अशा खिंडीतल्या आहेत. विधात्याच्या काटकसरीचा युक्तिवाद येथे संपला आणि खरे गणित सुरू झाले.

हॅमिल्टनच्या मांडणीत आणखी एक बीज होते. झोपाळा या क्षणी कोठे आहे एवढे सांगून त्याची अवस्था कळत नाही. त्याचा संवेगही सांगावा लागतो. स्थान आणि संवेग यांना समान मान देऊन एका आडव्या व एका उभ्या अक्षावर मांडले म्हणजे झोपाळ्याची प्रत्येक अवस्था कागदावरचा एक बिंदू होते आणि त्याची गती म्हणजे त्या बिंदूचा प्रवास. अशा पुष्कळ अवस्थांचा मिळून एक डाग कल्पिला, तर काळाबरोबर तो डाग लांबतो, वाकतो, विचित्र आकार घेतो. परंतु त्याचे क्षेत्रफळ तेवढेच राहते. लाग्रांजने १७८८ सालच्या आपल्या ग्रंथात एकही आकृती नाही, हे अभिमानाने सांगितले होते. त्याच गतिशास्त्रात आकृतीला पुन्हा प्रवेश मिळाला तो या अवस्थांच्या अवकाशातून, आणि तिला तेथे प्रतिष्ठा मिळवून दिली प्वँकारेने.

त्याची कथा १८८९ पासून सांगावी लागते. स्वीडन व नॉर्वेचा राजा दुसरा ऑस्कर याच्या ६० व्या वाढदिवसानिमित्त एक गणितस्पर्धा जाहीर झाली होती. वायरश्ट्रास, एर्मित आणि मिताग-लेफ्लर हे परीक्षक होते. परस्परांना ओढणाऱ्या अनेक गोलांच्या गतीचा प्रश्न विषयांत होता. प्वँकारेने तीन गोलांच्या प्रश्नावर निबंध पाठविला आणि पारितोषिक मिळविले. निबंध छापला जात असता फ्रागमेन या तरुण संपादन-साहाय्यकाने काही दुर्बोध जागांविषयी विचारणा केली. त्यांची उत्तरे शोधताना प्वँकारेला दुसऱ्याच एका ठिकाणी आपली गंभीर चूक आढळली. छापलेल्या प्रती गाजावाजा न करता परत मागविण्यात आल्या आणि नव्या छपाईचा खर्च प्वँकारेने स्वतः सोसला. तो पारितोषिकाच्या २५०० क्रोनरांहून अधिक भरला. मात्र चूक दुरुस्त करताना जे दिसले ते मूळ निबंधाहून मोलाचे होते. ज्या वक्ररेषा जुळून एक होतील असे त्याने मानले होते, त्या एकमेकींना अगणित वेळा छेदीत एक विलक्षण गुंता निर्माण करतात. ज्याला पुढे अनियमित गतीचे शास्त्र म्हटले गेले, त्याचा उगम १८९० साली प्रसिद्ध झालेल्या सुधारित निबंधात आहे.

हा गुंता पाहिल्यावर सर्व गती सूत्रात पकडण्याची आशा उरली नाही. म्हणून प्वँकारेने आवर्ती गतींचा, म्हणजे ठराविक काळाने पूर्वस्थितीला येणाऱ्या गतींचा, आश्रय घेतला. त्या सापडल्या म्हणजे त्यांच्या आसपासच्या गतींचा तपास करता येतो. दोन मोठे गोल परस्परांभोवती वर्तुळात फिरत आहेत आणि तिसरा अगदी हलका गोल त्यांच्या ओढीत सापडला आहे, अशी कल्पना करावी. त्याचा अखंड मार्ग रेखाटण्याऐवजी अवस्थांच्या अवकाशात एक पडदा उभारावा आणि मार्ग तो पडदा दर वेळी जेथे छेदील तेथे ठिपका द्यावा. आता प्रश्न एवढाच उरतो की, एका ठिपक्यावरून पुढचा कोठे पडतो. ठिपका जागच्या जागी पडला, तर गती आवर्ती आहे. योग्य रीतीने मोजले असता पडद्यावरील क्षेत्रफळही या स्थलांतरात अबाधित राहते. आकाशातील प्रश्न अशा रीतीने कागदावर उतरला.

१९१२ चे प्रमेय या कागदावरचे आहे. कंकणाकृती सूर्यग्रहणात दिसते तसे एक कंकण घ्यावे: दोन समकेंद्र वर्तुळे आणि त्यांमधील पट्टा. या पट्ट्यातील प्रत्येक बिंदू अखंडपणे, म्हणजे कोठेही न फाटता, दुसऱ्या जागी न्यावा. बाहेरची कड एका दिशेने आणि आतली कड उलट दिशेने सरकावी. आणि कोणत्याही भागाचे क्षेत्रफळ बदलू नये. असे असता निदान दोन बिंदू जागचे हलणार नाहीत, असे प्वँकारेचे म्हणणे. यातील दोन्ही अटी अवश्य आहेत. कडा एकाच दिशेने जात असतील, तर सबंध कंकण थोडेसे फिरवून प्रत्येक बिंदू हलविता येतो. क्षेत्रफळाची अट काढली, तर कडा उलट फिरवूनही आतले सारे बिंदू थोडथोडे आतल्या कडेकडे ढकलता येतात, आणि एकही स्थिर राहत नाही. दोन्ही अटी एकत्र आल्या की सुटका नाही. विधान विद्यार्थ्याला समजेल इतके सोपे. सिद्धता मात्र त्या काळच्या अग्रगण्य गणितज्ञाच्या हाती येईना.

प्वँकारेच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच २८ वर्षांच्या जॉर्ज बर्कहॉफ या अमेरिकन गणितज्ञाने सिद्धता दिली. ती १९१३ च्या आरंभी छापली गेली. थोड्या पृष्ठांच्या या लेखाने बर्कहॉफचे नाव युरोपभर झाले. मात्र त्याच्या युक्तिवादाने निर्विवादपणे एकच स्थिर बिंदू हाती येत होता. दुसऱ्याविषयीचा भाग अपुरा होता. १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्याने स्वतःच या विषयाचा विस्तार केला, आणि १९७७ मध्ये ब्राउन व न्यूमन यांनी संपूर्ण सिद्धता तपशीलवार मांडली.

कंकण हे दोन परिमाणांचे; निसर्गातील बहुतेक प्रश्न अधिक परिमाणांचे. तेथे नुसत्या क्षेत्रफळाने भागत नाही. स्थान आणि संवेग यांच्या जोड्यांतून जी अधिक सूक्ष्म मापनव्यवस्था निर्माण होते, तिला 'सिम्प्लेक्टिक' भूमिती म्हणतात. हा शब्द हेरमान वाइलने १९३९ मध्ये ग्रीक धातूवरून घडविला. 'एकत्र गुंफलेले' हा त्याचा भाव. १९६५ मध्ये रशियन गणितज्ञ आर्नोल्द याने प्वँकारेच्या प्रमेयाला या भूमितीत व्यापक रूप दिले: हॅमिल्टनीय गतीत किती बिंदू अचल राहावयास हवेत, याची खालची मर्यादा त्या अवकाशाच्या आकारावरूनच ठरावी. हेही सिद्धतेवाचूनचे विधान होते आणि तेही उघडपणे तर्क म्हणूनच मांडले गेले.

येथे दुसरी जुनी परंपरा, क्रियेची, पुन्हा पुढे येते. आवर्ती गती म्हणजे ज्यांच्यावर क्रिया स्थिर आहे अशा बंद वाटा. तेव्हा त्या खिंडी मोजल्या की काम झाले. परंतु हॅमिल्टनीय क्रियेच्या प्रदेशाला ना तळ आहे ना शिखर. प्रत्येक ठिकाणाहून अनंत दिशांनी चढ आणि अनंत दिशांनी उतार. अशा प्रदेशातही मार्ग काढता येतो हे १९७८ मध्ये राबिनोविट्झने दाखविले. १९८३ मध्ये कॉनली आणि त्सेन्डर यांनी आर्नोल्दचे विधान कोणत्याही सम परिमाणाच्या वलयपृष्ठासाठी सिद्ध केले. त्सेन्डरचा शिष्य आन्द्रेआस फ्लोअर याने १९८८-८९ च्या सुमारास निराळीच वाट काढली. एका खिंडीपासून दुसऱ्या खिंडीपर्यंत उतरणाऱ्या धारांचा त्याने हिशेब मांडला आणि त्यावरून अवकाशाचा आकार ओळखला. ग्रोमोव्हच्या १९८५ च्या कल्पनांचा त्याला मोठा आधार होता. १९९१ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, फ्लोअर निवर्तला. त्याच्या मार्गाने पुढे जाऊन १९९० च्या दशकाच्या अखेरीस इतरांनी आर्नोल्दच्या विधानाचे एक प्रमुख रूप सर्वसाधारणपणे सिद्ध केले. त्याची काही रूपे आजही अनिर्णित आहेत.

प्वँकारेचे आणखी एक अर्धे काम असेच फळाला आले. १८९६ मधील एका छोट्या टिपणात त्याने तीन गोलांच्या आवर्ती गती क्रिया न्यूनतम करून शोधाव्या, असे सुचविले होते. अडचण टकरीची होती. न्यूटनच्या आकर्षणात टक्कर होणाऱ्या वाटेची क्रियाही मर्यादित राहते, म्हणून न्यूनतम वाट टकरीत संपण्याचा धोका असतो. त्याने अधिक प्रखर आकर्षण कल्पून ही अडचण टाळली. त्यात टकरीची किंमत अनंत होते. न्यूटनच्या आकर्षणातील प्रश्न मात्र तसाच राहिला. सारख्या वस्तुमानाचे तीन गोल इंग्रजी आठच्या आकृतीवरून एकामागोमाग धावतात, अशी गती मूरने १९९३ मध्ये संगणकाने शोधली. आणि २००० मध्ये शांसिने व माँटगोमेरी यांनी, सममितीचे बंधन घालून क्रिया न्यूनतम करण्याच्या रीतीनेच, ती टकरीवाचून अस्तित्वात असल्याचे सिद्ध केले.

आम्ही शिक्षक वर्गात फळ्यावर जे लिहितो ते नेहमी पुरे झालेले असते. खोडलेल्या ओळी विद्यार्थ्याला दिसत नाहीत. मग आपल्या वहीतील अडलेल्या ठिकाणी त्याला स्वतःचीच लाज वाटते. त्याला प्वँकारेच्या या दोन प्रसंगांची कथा सांगावी. १८८९ साली चूक सापडली तेव्हा प्रती गुपचूप परत गेल्या आणि तो मूळ निबंध दीर्घकाळ दृष्टीआड राहिला. १९१२ साली त्याच लेखकाने आपले कोठे अडले ते पहिल्याच पानावर लिहिले, प्रमेय नेमकेपणाने मांडले, पडताळलेली उदाहरणे दिली आणि सिद्धतेची जागा मोकळी सोडली. ती जागा काही महिन्यांत एका अपरिचित तरुणाने भरली, आणि त्या प्रमेयाच्या विस्तारावर विसाव्या शतकातील भूमितीची एक शाखा उभी राहिली. अडलेले ठिकाण नेमके दाखविता येणे, हीही विद्याच आहे, आणि ती शिकविण्याजोगी आहे.