शेजाऱ्याच्या जागेंतून पाण्याची वाट

जुन्या दप्तरांची निवड करतांना राजकारणाचीं पत्रें प्रथम वेगळीं निघतात. मोरी, पन्हळ, पागोळी यांविषयींचे घरगुती कागद बहुधा शेवटीं उरतात. तथापि शेजाऱ्याच्या जागेंतून सांडपाणी नेण्याची परवानगी हा विषय आपल्याकडे फार जुना असून त्याचा निर्णय अशा कागदांवरच अवलंबून असतो.

आर. शामशास्त्री यांनीं सन १९०९ मध्यें म्हैसुरास प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत, आठव्या अध्यायांत, याचे नियम आहेत. पाण्याचा मार्ग तीन पदें किंवा दीड अरत्नि अंतर सोडून करावा; न केल्यास दंड ५४ पण. पावसांत पन्हळीचें पाणी मोकळें वाहूं द्यावें; न दिल्यास १२ पण. मात्र घरधनी एकमतानें वाटेल ती व्यवस्था करूं शकतात, अशीही मुभा तेथें आहे.

कात्यायनस्मृति आज स्वतंत्र ग्रंथरूपानें उपलब्ध नाहीं. निबंधकारांनीं उद्धृत केलेलीं तिचीं व्यवहारविषयक वचनें पां. वा. काणे यांनीं १९३३ सालीं एकत्र केलीं. त्यांत दोन गोष्टी स्पष्ट आहेत: पूर्वापार चालत आलेली मोरी कोणीं अडवूं नये, आणि घर वसल्यानंतर परक्याच्या घराकडे नवी मोरी काढूं नये. म्हणजे जुनीला संरक्षण, नवीला मनाई. आणि नवीसाठीं उरतो तो शेजाऱ्याच्या संमतीचा मार्ग.

१८८२ च्या ईझमेंटच्या कायद्यानें, जो १८९१ त मुंबई इलाख्यास लागू झाला, ‘पूर्वापार’ या शब्दास वर्षांचें माप दिलें. उघडपणें, शांततेनें, अखंड व हक्क म्हणून वीस वर्षें वहिवाट झाल्यास हक्क उत्पन्न होतो. केवळ मेहेरबानीच्या परवानगीनें वाहिलेलें पाणी मात्र कितीही वर्षें वाहिलें तरी हक्क देत नाहीं.

येथेंच जुन्या कागदाचें मोल आहे. शेजाऱ्यानें विनंतिपत्र लिहिलें, याचा अर्थ त्या दिवशीं तो स्वतःला हक्कदार समजत नव्हता. उलट, मोरीची दुरुस्ती करण्याविषयीं त्यानें निःसंकोच बजावलें असेल, तर तो हक्कानें वागत होता. म्हणून संग्राहकांनीं असा कागद हातीं येतांच मिति, मोरीची दिशा, दुरुस्तीचा भार व ‘मर्जी असेपर्यंत’ कीं ‘वंशपरंपरा’ हे शब्द आधीं टिपावे, आणि तो ज्या घराच्या खरेदीखताशीं बांधलेला असेल त्यापासून सोडवूं नये. वेगळा पडलेला कागद कोणत्या भिंतीविषयीं आहे, हें पुढें कोणासही सांगतां येत नाहीं.