अपशिंगे मिलिटरी आणि आमचे बसऱ्याचे आजोबा

स्मरणिकेसाठी दरवर्षी काहीतरी लिहायचेच, ही आपल्या मंडळाची प्रेमळ सक्ती. आजवर मी कारखान्याच्या जुन्या आठवणी लिहिल्या. यंदाचा विषय जरा लांबचा, सातारा जिल्ह्यातल्या एका गावाचा आहे. पण तो फिरून आपल्या स्मृती नगरापर्यंतच येतो.

त्या गावाचे नाव अपशिंगे. सातारा जिल्ह्यात कोणालाही विचारा, तो विचारील, "मिलिटरी अपशिंगे का?" पिढ्यान् पिढ्या घरटी एक तरी माणूस फौजेत, म्हणून गावाच्या नावालाच 'मिलिटरी' हा शब्द चिकटला. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ इंग्रज सरकारने गावात स्मारक उभारले. दुसरे महायुद्ध, १९६२ चे चीन युद्ध, १९६५ आणि १९७१ ची पाकिस्तानविरुद्धची युद्धे, या सर्वांत गावाने माणसे दिली. तरी गावातून भरती थांबली नाही.

एका लग्नाच्या निमित्ताने साताऱ्याला गेलो असताना मी मुद्दाम वाट वाकडी करून अपशिंग्याला गेलो. स्मारकासमोर उभा राहिलो आणि मनात आले, ४६ म्हणजे नेमके कोण कोण?

हा प्रश्न मला पडण्याचे कारण घरचे आहे. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ पहिल्या महायुद्धात गेले, ते परत आले नाहीत. आमच्या घरात त्यांना 'बसऱ्याचे आजोबा' म्हणतात. वडील भिलाईला नोकरीला आले, त्यानंतर आजी अधूनमधून आमच्याकडे राहायला यायची. गणपती विसर्जन झाले की पितृपक्ष लागतो. त्यात शस्त्राने मेलेल्यांची चतुर्दशी येते. त्या दिवशी सेक्टरमधल्या आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात आजी एक पान वाढून ठेवायची आणि कावळ्याची वाट बघत बसायची. "कुणाचं गं आजी?" असे विचारले की म्हणायची, "थोरल्यांचं. बसऱ्याला गेले त्यांचं."

सातारा आणि कोकणातून तेव्हा एवढी माणसे फौजेत का गेली? शौर्याची परंपरा होतीच. पण जमिनीचे तुकडे लहान, पाऊस बेभरवशाचा आणि खाणारी तोंडे जास्त, हेही तितकेच खरे. फौजेचा पगार गावाकडे मनिऑर्डरने यायचा. मराठा पलटणींतले अनेक जण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढले. टायग्रिस नदीकाठच्या कूत-अल-अमारा येथे तुर्कांनी ७ डिसेंबर १९१५ पासून वेढा घातला. आत अडकलेल्या सैन्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या तीन मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आले तेव्हा घोडे कापले गेले. पण आपल्या बहुतेक शिपायांनी ते मांस कित्येक आठवडे तोंडात घेतले नाही. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. सुमारे १३ हजार जण कैदी झाले. त्यांतले कित्येक वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत उपासमारीने, रोगराईने गेले.

युद्ध संपल्यावर सरकारने हिंदुस्थानातल्या कित्येक गावांत पाट्या बसवल्या. त्यांचा मजकूर ठरलेला असे: या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. फक्त दोन आकडे, नाव एकही नाही. आमच्या आजोळीच नव्हे, अनेक गावांच्या चावडीत अशी पाटी दिसते. मला वाटायचे, खेड्यातल्या लहानशा दगडावर नावे मावत नसतील. पण १९२९ साली बसऱ्याला भव्य स्मारक झाले, तिथेही तेच. ४० हजारांहून अधिक मृतांचे ते स्मारक. गोऱ्या शिपायांची नावे दगडावर कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीवार आकडा लिहिला. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमाने हे स्मारक शहराजवळून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर दूर नेण्यात आले. युद्धस्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ मध्ये या भेदभावाची कबुली दिली आणि माफी मागितली.

आता हिंदी शिपायांची नावे संगणकावर शोधता येतात. नातवाला घेऊन मीही बसलो. तो म्हणाला, "आबा, नाव सांगा." आणि मी गप्प झालो. मला नाव माहीतच नव्हते!

हे कसे झाले, ते सांगितले पाहिजे. आजोबा लवकर गेले, तेव्हा वडील पाळण्यात होते. घरची सगळी माहिती आजीकडून आली. आणि नवऱ्याचे किंवा थोरल्या दिराचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, ही तेव्हाची रीत. आजीने जन्मभर पान वाढले, पण नाव घेतले नाही. युद्धानंतर सरकारकडून एक चांदीचा बिल्ला घरी आला होता. त्या बिल्ल्यांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असे. आमचा बिल्ला कोण्या दुष्काळात सोनाराकडे गेला, त्याचे ज्वारीचे पोते आले. सरकारने नाव दगडावर लिहिले नाही, हे खरे. पण आम्ही तरी कुठे जपले? आजीला दोष देण्याचा मला अधिकार नाही. ती शंभरदा सांगत होती. तिच्याऐवजी दुसऱ्या कोणाला विचारावे, एवढे मला सुचले नाही. सुचले तेव्हा सांगणारे कोणी उरले नव्हते.

नाव राहिले की काय होते, तेही पाहा. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा देह कुठे विसावला ते ज्ञात नाही. पण इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर नाव आहे आणि माणगावात पुतळा आहे. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्यांसाठी दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्घाटन झाले, तेव्हा तिथे २५,९४२ नावे कोरलेली होती. प्रत्येकाचे वेगळे नाव. कारगिलमध्ये २५ जुलै १९९९ रोजी वीरमरण आलेले, वीरचक्राने सन्मानित नाईक कौशल यादव तर आपल्या भिलाईचेच. त्यांचे नाव इथल्या मुलांना सांगावे लागत नाही.

आपण सर्व पोटासाठी गाव सोडून इथे आलो. हातात बंदूक नव्हती, एवढाच फरक. इथे घरे बांधली, वसाहतीला सुंदर नाव मिळाले, स्मृती नगर. म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवतो. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीशेजारी दोन पाने राखून ठेवावीत. आपल्यापैकी ज्यांच्या घरचे कोणी फौजेत गेले, मग ते परत आलेले असोत वा नसोत, त्यांनी त्यांचे नाव, गाव, पलटण आणि साल लिहून द्यावे. घरात वडीलधारे माणूस असेल तर या दहा दिवसांतच विचारून घ्यावे. आरतीनंतर, प्रसाद हातात असताना विचारले तर मोकळेपणाने सांगतील.

आमच्या घरची ओळ मी लिहून ठेवली आहे. गाव लिहिले, बसरा लिहिले. नावाची जागा कोरी आहे. चतुर्दशीला पान मात्र याही वर्षी वाढणार आहोत.

गणपती बाप्पा मोरया!