तळटीप १७ : ‘उभ्या पिकात गुरं घातली’

१७. निवेदिका आज मुकुंदवाडीत राहतात. प्रसंग त्यांच्या गावाकडच्या गायरानावरचा आहे. ज्वारी हुरड्यात आली, की रात्री दलितांच्या पिकात जनावरं सोडायची, ही मराठवाड्यातली जुनी रीत. मारहाण न करताही वर्षाची भाकर जाते. भूमिहीनांच्या १९५९ आणि १९६४ च्या सत्याग्रहांनंतर दलित कुटुंबं गायरानं कसू लागली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. पण सातबारा अनेकांना मिळालाच नाही. कसत असल्याचा पुरावा म्हणजे गाव नमुना एक-ई मधली नोंद आणि दंडाच्या पावत्या. निवेदिकांनी त्या पावत्या खताच्या पिशवीत जपल्या आहेत.

बातमीत मात्र ‘शेतीच्या वादातून दोन गटांत हाणामारी’ एवढंच येतं. ‘दोन गट’ म्हटलं की पीक कोणाचं आणि गुरं कोणाची, हा प्रश्न उरत नाही. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पिकाची नासधूस हा गुन्हा स्पष्ट नमूद झाला. बातमीची भाषा तिथवर पोचलेली नाही.

पॅलेस्टाईनच्या वेस्ट बँकमध्ये ऑलिव्हच्या तोडणीत हेच घडतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे संयुक्त राष्ट्रांनी इस्रायली वसाहतवाल्यांचे २६० हून अधिक हल्ले नोंदवले. बातम्यांत मात्र त्यांचीही पुष्कळदा ‘चकमक’ होते. – संपा.