व्हिएइरा स्मारक, लिस्बन

पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथील त्रिंदादे कोएल्यू चौकात, साऊँ रोके चर्चसमोर उभे असलेले पुतळाशिल्प. सतराव्या शतकातील जेझुइट धर्मप्रचारक, प्रवचनकार व मुत्सद्दी पाद्री आंतोनियू व्हिएइरा (१६०८–९७) याच्या स्मरणार्थ ते जून २०१७ मध्ये उभारण्यात आले. हे चर्च जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे होते. १७५९ मध्ये त्या संघाची पोर्तुगालमधून हकालपट्टी झाल्यावर ते मिझेरिकॉर्दिया या जुन्या धर्मादाय संस्थेकडे गेले. याच नावाची संस्था पोर्तुगीजांनी गोव्यातही चालवली होती.

शिल्पात व्हिएइराने हाती क्रूस धरला असून त्याच्याभोवती ब्राझीलमधील मूलनिवासींची तीन मुले दाखवली आहेत. या स्मारकावरून पुढे उठलेल्या वादाचे मूळ या रचनेत आहे. लिस्बनला जन्मलेला व्हिएइरा बालपणीच ब्राझीलमधील बाहिया येथे गेला आणि १६२३ मध्ये जेझुइट संघात दाखल झाला. १६५३ पासून मारान्याऊँ या उत्तरेकडील प्रांतात काम करताना त्याने मूलनिवासींना गुलाम करणाऱ्या वसाहतवाल्यांवर प्रवचनांतून कठोर टीका केली आणि १६५५ चा कायदा राजाकडून मिळवला. त्या कायद्याने मूलनिवासींच्या वस्त्यांचा कारभार जेझुइटांकडे आला. याचा राग धरून वसाहतवाल्यांनी त्याला व त्याच्या सहकाऱ्यांना १६६१ मध्ये प्रांताबाहेर घालवले. पुढे इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मनिष्ठेची चौकशी करणाऱ्या चर्चच्या न्यायसभेने, त्याला कैदेत ठेवले. ज्यूवंशीय ‘नव्या ख्रिस्त्यांचा’ त्याने घेतलेला कैवार हेही तिच्या रोषाचे एक कारण होते. याच संस्थेचे न्यायासन गोव्यातही होते.

आफ्रिकी गुलामांच्या बाबतीत मात्र व्हिएइराची भूमिका वेगळी होती. ऊसमळ्यांवरील त्यांच्या यातनांचे त्याने हृदयद्रावक वर्णन केले, तरी त्या यातनांची तुलना ख्रिस्ताच्या क्लेशांशी करून सहनशीलतेचा उपदेश केला आणि गुलामगिरीची व्यवस्था मान्य ठेवली. पळून गेलेल्या गुलामांनी पाल्मारेस येथे वसवलेल्या स्वतंत्र वस्त्यांना मुक्त म्हणून मान्यता देण्यास त्याने १६९१ मधील पत्रात विरोध केला. तसे केल्यास इतर गुलामही त्यांचाच मार्ग धरतील, अशी त्याला धास्ती होती. मूलनिवासींचा त्याने घेतलेला कैवारही धर्मांतर आणि जेझुइटांची देखरेख यांना जोडलेला होता. त्यामुळे त्याला निव्वळ मुक्तिदाता वा निव्वळ अत्याचारी ठरवणाऱ्या दोन्ही मांडण्या अपुऱ्या पडतात. शिल्पाने मात्र पहिलीच मांडणी स्वीकारली आहे. मूलनिवासी समाज त्यात केवळ बालकांच्या रूपात येतो आणि आफ्रिकी माणूस तर कोठेच दिसत नाही.

ऑक्टोबर २०१७ मध्ये वसाहतवादविरोधी कार्यकर्त्यांनी तेथे गुलामगिरीच्या बळींसाठी स्मरणसभा योजली, तेव्हा उग्र राष्ट्रवादी गटाने पुतळ्याभोवती ठाण मांडून ती रोखली. जून २०२० मध्ये, अमेरिकेत पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या हत्येनंतर जगभर पुतळ्यांचा प्रश्न पेटला असताना, अज्ञातांनी व्हिएइराच्या मुखावर व हातांवर लाल रंग लावला, मुलांच्या छातीवर हृदये रंगवली आणि चौथऱ्यावर वसाहतवाद संपवण्याचे आवाहन करणारा शब्द लिहिला. नगरपालिकेने पुतळा लगेच स्वच्छ केला. राष्ट्राध्यक्ष मार्सेलू रेबेलू दि सोझा यांनी या कृत्याचा निषेध केला. व्हिएइराचे गद्य पोर्तुगीज साहित्यात आदर्श मानले जात असल्याने हा अनेकांना भाषेचाच अवमान वाटला, आणि ती भावना खोटी नव्हती. पण रंग लावणाऱ्यांचा रोख त्याच्या गद्यावर नव्हता.

पुतळ्याचे अनावरण झाले त्याच वर्षी लिस्बनच्या नागरिकांनी नगरपालिकेच्या लोकसहभागी अर्थसंकल्पातील मतदानाने गुलामगिरीच्या बळींचे स्मारक मंजूर केले. त्यासाठी अंगोलाचा कलावंत किलुआंजी किया हेंडा याची काळ्या धातूच्या उसाच्या मळ्याची कल्पना निवडली गेली. पाद्र्याचे स्मारक उभे राहून वर्षे लोटली, तरी मंजुरी मिळालेल्या या दुसऱ्या स्मारकाचे काम दीर्घकाळ रखडले.