नेमका तोच बंध

नाशिकहून पुण्याकडे जाणारा रस्ता कासारवाडीला जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला मिळतो. या नाशिक फाट्यावरून पिंपरीच्या बाजूला थोडे गेले की हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना लागतो. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या मदतीने 1954 साली स्थापन झालेल्या या कारखान्यात 1955 पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले. बुरशीकडून औषध करून घेण्याची ही हकिकत आपण वर्गात सांगतो. पुढचा भाग मात्र सहसा राहून जातो.

पेनिसिलिन-जी जठरातील आम्लात टिकत नाही आणि पुष्कळ जीवाणूंवर चालतही नाही. त्याच्या रेणूचा गाभा तोच ठेवून शेपटी बदलली, तर अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन अशी औषधे मिळतात. 1957 साली इंग्लंडमधील बीचम कंपनीच्या शास्त्रज्ञांनी हा गाभा, म्हणजे 6-अमिनोपेनिसिलॅनिक आम्ल, वेगळा केला. पण तो टनावारी मिळवायचा कसा? शेपटी गाभ्याला अमाइड बंधाने जोडलेली असते आणि गाभ्यातल्या चौकोनी बीटा-लॅक्टम वलयातही अमाइड बंधच असतो. हे वलय ताणलेले असल्याने आम्ल वा अल्कली घातले की आधी तेच फुटते, आणि ते फुटले की औषध संपले. रसायनशास्त्रज्ञांनी वाट काढली खरी, पण तिला उणे 40 अंश सेल्सिअसची थंडी, फॉस्फरस पेंटाक्लोराइड आणि क्लोरिनयुक्त द्रावक लागत.

पेनिसिलिन असायलेज हे विकर शेपटीचा बंध तेवढाच तोडते, तेही पाण्यात, 37 अंशांच्या आसपास. जपानमध्ये साकागुची व मुराओ यांनी 1950 साली ते बुरशीत पाहिले. 1960 च्या सुमारास ते एश्चेरिशिया कोलाय या आतड्यातल्या जीवाणूतही सापडले. विकर महाग, एकदा वापरून फेकणे परवडत नाही. म्हणून ते घन कणांवर पक्के बसवतात; काम झाले की गाळून पुन्हा वापरायचे. दुसरी अडचण अधिक मजेदार आहे. सुटलेली शेपटी हे फेनिल अ‍ॅसेटिक आम्ल असते. ते साचले की सामू उतरतो, आणि आम्लधर्मी द्रावणात हेच विकर तुटलेले पुन्हा जोडू लागते! त्यामुळे अल्कली सोडत सामू 8 च्या जवळ राखावा लागतो. उलटसुलट होणाऱ्या अभिक्रियेचे यापेक्षा चांगले उदाहरण शिक्षकांना क्वचितच मिळेल. शिवाय ते आम्ल वाया जात नाही. पेनिसिलिन-जी बनवताना बुरशीला तेच पुरवावे लागते.

पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि पिंपरीचा कारखाना, दोन्हीकडे या विकरावर बरेच काम झाले. पिंपरीचे जे. जी. शेवाळे व प्रयोगशाळेतील एच. शिवरामन यांनी 1989 साली त्याचा संयुक्त आढावाही प्रसिद्ध केला. पुढे चीनमधून स्वस्त पेनिसिलिन-जी येऊ लागले आणि देशातले मोठे किण्वन कारखाने ते करायचे थांबले. ज्याचा बंध तोडायचा, तो मालच बाहेरून येऊ लागला. औषधांचा कच्चा माल देशात व्हावा म्हणून केंद्र सरकारने 2020 साली प्रोत्साहन योजना आणली, तेव्हा तिच्या यादीत पेनिसिलिन-जीचे नाव होते.