नाव तं ऐकलं नाही कधी

आईचं तिकीट काढायचं होतं. बहीण जर्मनीत, तिची बाळंतपणाची तारीख जुलैअखेरची, आणि आई आयुष्यात कधी विमानात बसलेली नाही. मी पुण्यात लॅपटॉपवर पर्याय बघत होतो, बाबा चंद्रपूरहून फोनवर. सगळ्यात स्वस्त तिकीट मध्य आशियातल्या एका कंपनीचं होतं. मुंबईहून निघून मध्ये एक थांबा, आणि नेहमीच्या आखाती कंपन्यांपेक्षा २२ हजारांनी कमी. बाबा म्हणाले, "नाव तं ऐकलं नाही कधी. कोणाची कंपनी आहे हे?"

बाबांना काहीतरी ठोस उत्तर द्यावं म्हणून शोधायला बसलो आणि दोन रात्री जुन्या अपघातांच्या अहवालांत अडकलो.

पहिल्यांदा सापडलं ते आपल्या जुन्नरचं. ७ जुलै १९६२, मध्यरात्र नुकतीच उलटलेली. आलितालिया या इटलीच्या कंपनीचं डीसी-८ विमान सिडनीहून रोमला निघालं होतं. डार्विन, सिंगापूर, बँकॉक करत ते मुंबईकडे येत होतं. जेटयुगाची ती सुरुवातीचीच वर्षं होती. युरोपातली मोठी कंपनी, नवं कोरं जेट, म्हणजे त्या काळात ज्याला 'चांगली एअरलाइन' म्हणत, ते सगळं इथे होतं. मुंबईच्या ईशान्येला सुमारे ८४ किलोमीटरवर, जुन्नरजवळच्या डोंगराला ते धडकलं. विमानातले सगळे, ९४ जण, गेले.

चौकशीत निघालं ते असं: आपण मुंबईच्या जवळ पोचलोय असा वैमानिकाचा समज झाला होता. प्रत्यक्षात तो अजून सह्याद्रीवर होता. त्याने लवकर खाली यायला सुरुवात केली, ठरलेल्या किमान सुरक्षित उंचीच्याही खाली आला, आणि आपण नेमके कुठे आहोत हे ताडून बघायला जी साधनं होती ती वापरली नाहीत. कारणांच्या यादीत शेवटी एक छोटी ओळ आहे: वैमानिकाला या मार्गावरच्या भूप्रदेशाची ओळख नव्हती.

ती ओळ मी परत परत वाचली. आपण तिकीट काढताना विचारतो की ही कंपनी आपल्या ओळखीची आहे का. इथे प्रश्न उलटा होता. कंपनी सगळ्यांच्या ओळखीची होती, पण तिच्या वैमानिकाला आपला डोंगर ओळखीचा नव्हता.

बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. त्यांची निम्मी नोकरी गडचिरोलीत, शाळामास्तर म्हणून गेली. आलापल्लीहून भामरागडला जाणारी एसटी, रस्त्याला दोन्हीकडून जंगल, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली. गाडी नवी आहे की जुनी हे तिथे कोणी विचारत नसे, म्हणाले. विचारत ते एवढंच, ड्रायव्हर या रोडवर नवीन आहे का.

मुंबईचा जुलै हा परदेशी विमानांसाठी तसाच रस्ता होता असं दिसतं. १२ जुलै १९४९ला डच केएलएमचं कॉन्स्टेलेशन विमान पावसाळी ढगांत घाटकोपरजवळच्या टेकडीला धडकलं. ४५ जण गेले, त्यांत इंडोनेशियाहून परतणारे अमेरिकेतले नावाजलेले पत्रकार होते. २८ जुलै १९६३ला इजिप्तच्या युनायटेड अरब एअरलाइन्सचं कॉमेट मुंबईत उतरता उतरता वादळी पावसात समुद्रात कोसळलं. ६३ मृत्यू. त्यांत फिलिपिन्सचे बालवीर होते, ग्रीसमधल्या जागतिक स्काउट मेळाव्याला निघालेले. या मुलांनी काही कंपन्यांची तुलना केली नसणार.

ओळख नसण्याचे हलके किस्सेही आहेत. जुहूची धावपट्टी लहान, सांताक्रूझची मोठी, आणि वरून बघताना दोन्ही अगदी शेजारी. १९५३च्या जुलैत ब्रिटनच्या बीओएसीचं कॉमेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं आणि काही दिवस तिथेच अडकलं. १९ वर्षांनी, २४ सप्टेंबर १९७२ला, जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ने तीच चूक केली. धावपट्टी संपली, विमान पुढे गेलं आणि कामातून गेलं. जीव कोणाचा गेला नाही. पण त्याच वर्षी जूनमध्ये याच कंपनीचं विमान दिल्लीत उतरताना पडलं होतं आणि त्यात ८०हून जास्त लोक गेले होते. आज जपानी कंपनीचं नाव घेतलं की आपण डोळे मिटून बसू.

मग आपली कंपनी तरी? १ जानेवारी १९७८ला एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' मुंबईहून दुबईला निघालं आणि काही मिनिटांत वांद्र्याच्या समुद्रात पडलं, २१३ लोकांसह. डोंगर नव्हता, परका वैमानिक नव्हता. कॅप्टनसमोरचं विमानाचा कल दाखवणारं यंत्र बिघडलं होतं आणि त्याने त्यावर विश्वास ठेवला.

बाबांना मध्य आशिया म्हटल्यावर चरखी दादरी आठवली. ती मलाही टाळता येत नव्हती. १२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीहून उडालेलं सौदी अरेबियाचं जम्बो १४ हजार फुटांवर होतं, त्यात बहुतेक आपलेच लोक, आखातात कामाला जाणारे. समोरून कझाकस्तानचं इल्यूशिन येत होतं, त्याला १५ हजारांवर थांबायला सांगितलेलं. ते त्याच्याही खाली आलं. दोन्ही विमानांतले ३४९ जण गेले. सौदीच्या विमानात बसलेल्यांनी कझाक कंपनी निवडली नव्हती. त्यानंतर भारतात येणाऱ्या विमानांना समोरच्या विमानाचा इशारा देणारं यंत्र सक्तीचं झालं.

म्हणजे कंपनी तपासायची तरी कशी? फ्रान्सचं उदाहरण बघा. ३ जानेवारी २००४ला फ्लॅश एअरलाइन्स नावाच्या इजिप्तच्या छोट्या कंपनीचं विमान शर्म अल शेखहून उडाल्यावर तांबड्या समुद्रात पडलं. १४८ मृत्यू, बहुतेक सुट्टीवरून परतणारे फ्रेंच. नंतर कळलं की शेजारच्या स्वित्झर्लंडने या कंपनीवर २००२मध्येच बंदी घातली होती. तिकीट काढणाऱ्याला हे कळायला काही मार्गच नव्हता. त्या संतापातून २००६च्या मार्चमध्ये युरोपीय संघाची बंदी घातलेल्या कंपन्यांची जाहीर यादी आली. जगभरच्या विमान कंपन्यांची संघटना आयाटा २००३पासून सुरक्षेचं ऑडिट करते, त्यात पास झालेल्यांची नावंही कुणालाही बघता येतात. मी आमच्या कंपनीचं नाव दोन्हीकडे टाकलं. पहिल्या यादीत नव्हतं, दुसऱ्या यादीत होतं.

इथे थोडं खाली बघावं लागलं. जानेवारी २०१४मध्ये अमेरिकेने भारताच्या विमान-सुरक्षेचा दर्जा उतरवला होता. आपल्या डीजीसीएकडे प्रशिक्षित निरीक्षकच पुरेसे नाहीत, हे एक मोठं कारण. एप्रिल २०१५पर्यंत एअर इंडिया आणि जेटला अमेरिकेला नवी विमानं सुरू करता येत नव्हती. त्या सव्वा वर्षात ओहायोतला कुणी बाप मुलीला फोनवर विचारत असेल, ही कंपनी कोणाची, नाव ऐकलं नाही.

मार्च २०१९ला इथिओपियन एअरलाइन्सचं विमान अदिस अबाबाजवळ पडलं, १५७ जण गेले. आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये पहिलं वाक्य होतं, "आफ्रिकेतली कंपनी, दुसरं काय." दोष निघाला बोइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. नाक खाली ढकलणारी ती यंत्रणा एकाच सेन्सरच्या आकड्यावर चालत होती. आमच्या टीममध्ये असा कोड पहिल्याच रिव्ह्यूला परत आला असता, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर आमच्याकडेही असे कोड पुढे गेलेले आहेत, फक्त त्यांच्यामुळे कुणाचं बिल चुकतं एवढंच.

आणि सॉफ्टवेअरचीच दुसरी बाजू. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून प्रवासी विमानांत पुढच्या जमिनीची सूचना देणारी यंत्रणा बसू लागली. विमान कुठे आहे हे बघून ती साठवलेल्या नकाशातली पुढची उंची तपासते आणि डोंगर जवळ आला की ओरडते. वैमानिक या मार्गावर नवा असला तरी विमानाला जमीन माहीत असते. सह्याद्रीची ती रांगही त्यात आकड्यांच्या रूपात आहे.

हे सगळं बाबांना रविवारी सांगितलं. ऑडिट, यादी, नकाशा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "थांब्यावर किती वेळ आहे? तिला इंग्रजी येत नाही."

पाच तास. मी जर्मन, इंग्रजी आणि मराठीत एक कागद करून दिला: नाव, पुढच्या विमानाचा नंबर, बहिणीचा फोन. व्हीलचेअर मागितली, म्हणजे एक माणूस सोबत राहील. तिकीट त्याच कंपनीचं काढलं.

आई जुलैच्या एका रात्री मुंबईहून निघाली. बाहेर धो धो पाऊस. आत जायच्या आधी तिने घरी फोन केला, मी शेजारीच उभा होतो. बाबा पलीकडून मोठ्याने बोलत होते, मला स्पष्ट ऐकू आलं: "पायलट या रोडवर नवीन आहे का, विचारून घे."